एका शनिवारात रोमन लंडन: भिंत कशी वाचायची आणि कुठल्या क्रमाने फिरायचे

लंडनमधल्या मराठी घरी पुण्या-नाशिकहून पाहुणे आले आणि त्यांनी रोमन अवशेष पाहायची इच्छा बोलून दाखवली, की गाडी थेट बाथच्या रस्त्याला लागते. बाथ सुंदर आहे, जरूर पाहावे. पण रोमन ब्रिटनचे सर्वांत मोठे शहर लंडन होते, आणि त्याचे अवशेष आपण कामासाठी ज्या स्टेशनांवर उतरतो तिथून पाच-दहा मिनिटांवर आहेत. बहुतेक ठिकाणी तिकीटही लागत नाही. तरी लोक ते पाहत नाहीत, कारण ते एका जागी नाहीत. एक तुकडा हॉटेलच्या मागे, एक चर्चच्या तळघरात, एक कचेरीच्या इमारतीखाली, एक चक्क पार्किंगमध्ये. नीट क्रम लावला तर एका दिवसात सगळे पाहून होते. क्रमाशिवाय गेलात तर नुसते दगड दिसतात आणि मुले तासाभरात कंटाळतात.

थोडा इतिहास निघण्यापूर्वी सगळ्यांना सांगून ठेवा. रोमन सैन्य इ.स. ४३ मध्ये ब्रिटनमध्ये उतरले. त्यानंतर चार-पाच वर्षांतच टेम्सच्या उत्तर काठावर लोंडिनियम, म्हणजे रोमन लंडन, उभे राहू लागले. पोल्ट्री या रस्त्याखाली सापडलेल्या एका लाकडी गटाराचे लाकूड इ.स. ४७ मध्ये तोडलेले आहे, हे झाडाच्या वलयांवरून ठरवता आले. इ.स. ६० किंवा ६१ मध्ये आइसेनी जमातीची राणी बुडिका हिने हे शहर जाळले. ते पुन्हा उभे राहिले, आणि इ.स. २००च्या सुमारास त्याला दगडी तट बांधला गेला. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला रोमन सत्ता ब्रिटनमधून उठली. पुढे प्रत्येक पिढीने मागच्यांच्या राडारोड्यावर घरे बांधली. म्हणून आज रोमन जमीन काही ठिकाणी सात मीटर खाली आहे, आणि या फेरीत तुम्हाला सारखे जिने उतरावे लागतील.

१. दिवस ठरवा आणि आरक्षण करा

शनिवारच घ्या, तोही एप्रिल ते नोव्हेंबरमधला. कारण बिलिंग्जगेटचे रोमन घर आणि स्नानगृह फक्त या महिन्यांत, शनिवारी, मार्गदर्शकाबरोबर पाहता येते. त्याला शुल्क आहे आणि जागा मोजक्या असतात. सगळ्यात आधी हे आरक्षण करायचे, मग त्याच्या पुढेमागे बाकीचा दिवस बसवायचा. सकाळी उशिराची फेरी मिळाली तर उत्तम.

वाइन स्ट्रीटवरची भिंत आणि वॉलब्रुकचे मिथ्रास या देवाचे मंदिर दोन्ही विनामूल्य आहेत, पण वेळ आधी नोंदवून जाणे सोयीचे. गिल्डहॉलच्या कलादालनात (झुंजींचा रोमन अखाडा त्याच्याच तळघरात आहे) बाकीच्या ठिकाणांपेक्षा लवकर दरवाजे बंद होतात. शिवाय समारंभ असला तर गिल्डहॉलचे अंगण आणि दालन बंद असते. वेळा बदलत राहतात, म्हणून आदल्या रात्री प्रत्येक ठिकाणाचे संकेतस्थळ एकदा उघडून पाहा. ही पाच मिनिटे वाचवू नका.

२. बरोबर काय घ्यायचे

चालणे चार किलोमीटरच्या आसपास होते, त्यामुळे बूट सवयीचे हवेत. पाणी, छत्री, आणि डबा. डबा मुद्दाम सांगतो आहे. सिटी ऑफ लंडन हा कचेऱ्यांचा भाग आहे, आणि शनिवारी तिथली बरीच खाण्याची दुकाने बंद असतात. पोळीभाजीची गुंडाळी किंवा दशम्या घेतल्या तर कुठे बसायचे ते पुढे सांगतो.

आई-बाबा बरोबर असतील तर एवढे लक्षात ठेवा: मिथ्रास मंदिर आणि गिल्डहॉल इथे लिफ्ट आहे, पण ऑल हॅलोज चर्चच्या तळघरात जायला अरुंद जिना उतरावा लागतो.

३. टॉवर हिल: इथे भिंत वाचायला शिका

डिस्ट्रिक्ट किंवा सर्कल लाइनने टॉवर हिलला उतरा. हॅरो-पिनरकडून येणाऱ्यांना मेट्रोपॉलिटन लाइनने ऑल्डगेटला उतरून चालत येणे सोपे. स्टेशनाबाहेरच्या बागेत तटाचा उंच तुकडा उभा आहे, आणि त्याच्यासमोर एका रोमन सम्राटाचा ब्रॉन्झचा पुतळा. पुतळा ट्रेजनचा मानला जातो. तो रोमन काळातला नाही. इथे १९८० मध्ये बसवला. लोक पुतळ्याबरोबर फोटो काढतात आणि निघून जातात. तुम्ही पुतळ्याकडे पाठ करा आणि भिंतीसमोर किमान अर्धा तास द्या. या दिवसातला सर्वांत महत्त्वाचा अर्धा तास हाच.

भिंत सुमारे साडेदहा मीटर उंच आहे, पण सगळी रोमन नाही. जमिनीपासून साधारण साडेचार मीटरपर्यंतचा भाग रोमन, त्यावरचा मध्ययुगीन. मुलांना आधी काही सांगू नका. "काम कुठे बदलले?" एवढेच विचारा आणि त्यांना शोधू द्या.

खूण अशी. खालच्या भागात करड्या दगडाचे लहान, ताशीव चिरे ओळीत बसवले आहेत, आणि काही थरांनंतर चपट्या लाल विटांचा आडवा पट्टा येतो. हे पट्टे शोभेसाठी घातलेले नाहीत. रोमन गवंडी दोन्ही बाजूंना चिऱ्यांच्या भिंती चढवत आणि मधल्या पोटात दगडगोटे आणि चुना भरत. असा भराव जाड भिंतीत फुगतो, सरकतो. थोड्या थोड्या उंचीवर विटांचा सपाट थर घातला, की दोन्ही बाजू एकमेकींना बांधल्या जातात आणि पुढचा थर पुन्हा समपातळीवर सुरू करता येतो. वर नजर नेलीत की लाल पट्टे संपतात, दगडांचे आकार वेडेवाकडे होतात, ओळी सुटतात. तिथे रोमन काम संपले.

आता हिशेब सांगा. मूळ तट सुमारे ६ मीटर उंच, पायाशी अडीच मीटरहून जाड आणि जमिनीच्या बाजूने जवळपास ३ किलोमीटर लांब होता. लंडनच्या जमिनीत बांधकामाचा दगड नाही. हा करडा चुनखडीचा दगड, ज्याला इथे रॅगस्टोन म्हणतात, केंटमधल्या मेडस्टोनच्या आसपासच्या खाणींतून आला. मेडवे नदीतून खाली, मग टेम्समधून वर, असा बोटींनी. हे नुसते अनुमान नाही. १९६२ मध्ये ब्लॅकफ्रायर्सजवळ नदीच्या गाळात एक रोमन बोट सापडली, आणि तिच्यात हाच दगड भरलेला होता.

इथेच एका थडग्याच्या शिलालेखाची प्रतिकृती आहे. ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. गायस ज्यूलियस अल्पिनस क्लासिकियानस हा बुडिकाच्या बंडानंतर ब्रिटनच्या महसुलाचा प्रमुख अधिकारी म्हणून आला. त्या वेळी गव्हर्नर स्वेटोनियस पॉलिनस बंडखोर जमातींवर सूड उगवत होता. क्लासिकियानसने रोमला कळवले, की हा गव्हर्नर बदलल्याशिवाय इथे शांतता येणार नाही. इतिहासकार टॅसिटसने त्याबद्दल त्याला दोष दिला आहे. माझ्या मते तो त्या सगळ्या प्रकरणातला शहाणा माणूस होता. तो ब्रिटनमध्येच वारला, आणि त्याची पत्नी ज्यूलिया पकाटा हिने त्याचे स्मारक उभारले. पुढे त्या स्मारकाचे दगड तटाच्या बुरुजात भर म्हणून वापरले गेले. एक भाग १८५२ मध्ये मिळाला, दुसरा १९३५ मध्ये. मूळ दगड ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

जवळच्या भुयारी मार्गापाशी एका दरवाज्याचे अवशेष दिसतील. ते मध्ययुगीन आहेत; शिकलेले तिथे पडताळून पाहा आणि पुढे चला.

४. कूपर्स रो आणि वाइन स्ट्रीट

टॉवर हिलवरून उत्तरेला कूपर्स रो रस्त्याने निघा. काही मिनिटांत उजव्या हाताला एका हॉटेलची कमान लागते. आत जाताना संकोच वाटतो, पण मागच्या अंगणात तटाचा मोठा तुकडा उभा आहे आणि लोक तो पाहायला जातात. वरच्या भागात धनुर्धाऱ्यांसाठी ठेवलेल्या फटी दिसतात, त्या मध्ययुगीन. रोमन भाग कुठपर्यंत, हे आता मुले तुम्हाला सांगतील.

तिथून वाइन स्ट्रीट जवळच आहे. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाखाली २०२३ मध्ये हे छोटे दालन उघडले. इथे तटाची बाहेरची बाजू दिसते, म्हणजे शत्रूला दिसायची ती. शिवाय नंतर जोडलेल्या बुरुजाचा पाया आहे. खोदकामात निघालेली भांडी, नाणी, घरगुती वस्तू काचेत मांडल्या आहेत. वारा-पाऊस न लागल्यामुळे इथले चिरे टॉवर हिलपेक्षा स्वच्छ दिसतात. अर्धा तास पुरे.

५. नदीकडे: ऑल हॅलोज आणि सेंट मॅग्नस

परत दक्षिणेला या. टॉवरच्या पश्चिमेला ऑल हॅलोज हे चर्च आहे. त्याच्या तळघरात एका रोमन घराची फरशी मूळ जागीच राहिली आहे: लाल विटांच्या बारीक चौकोनी तुकड्यांची, साधी. मोठ्या चित्रांची मोझॅइक फरशी मनात धरून आलात तर निराश व्हाल. पण ही नांदत्या घराची जमीन आहे, आणि ती नेऊन कुठे मांडलेली नाही. वर चर्चमध्ये सॅक्सन काळातली एक कमान आहे. तिच्यातल्या विटा रोमन आहेत, पडक्या इमारतींतून उचलून पुन्हा वापरलेल्या. रोमन लंडनचे बरेचसे सामान असे दुसऱ्यांच्या भिंतींत गेले.

बिलिंग्जगेटच्या फेरीला वेळ असेल तर डबा इथून जवळच उघडा. सेंट डन्स्टन-इन-द-ईस्ट नावाचे पडके चर्च आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीत ते उद्ध्वस्त झाले आणि आता त्याच्या भिंतींच्या आत सार्वजनिक बाग आहे. बाकडी आहेत, सावली आहे. जेवण झाल्यावर कागद-डबे आपले आपण उचलायचे, हे सांगायला नको.

पुढे लंडन ब्रिजजवळ सेंट मॅग्नस चर्चच्या दाराशी एक काळपट, चिरफाळलेला लाकडी खांब उभा आहे. रोमन धक्क्याचे हे लाकूड, पाटीवर साल इ.स. ७५. दोन मिनिटे थांबा आणि नदीकडे पाहा. ती आता बरीच दूर आहे. रोमन काळात काठ उत्तरेला होता, टेम्स रुंद होती, आणि बोटी इथेच लागत.

६. बिलिंग्जगेट: जमिनीखालची शेगडी

लोअर टेम्स स्ट्रीटवरच्या एका नीरस इमारतीत उतरायचे आहे. १८४८ मध्ये कोल एक्स्चेंज बांधताना हे अवशेष सापडले आणि तेव्हाच लोकांची रीघ लागली. घर दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातले, स्नानगृह त्यानंतर त्याच्या अंगणात बांधलेले.

मार्गदर्शक सगळे सांगतोच, पण एक गोष्ट नजरेने समजून घ्या: चौकोनी विटांचे बुटके खांब. त्यांच्यावर फरशी पेललेली असे. बाहेरच्या भट्टीत लाकूड पेटवले, की गरम हवा या खांबांमधून फिरे आणि भिंतींतल्या पोकळ नळांतून वर जाई. तीन खोल्या: एक थंड, एक कोमट, एक कढत. इटलीच्या उन्हात वाढलेली ही पद्धत लंडनच्या थंडीत किती मोलाची झाली असेल, हे डिसेंबरमध्ये इथे राहिलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

घर ओस पडल्यानंतरची एक खूणही इथे मिळाली. कोसळलेल्या छपराच्या कौलांमध्ये पाचव्या शतकातली एक सॅक्सन पिन सापडली. पडक्या घरात कोणीतरी शिरले होते आणि कपड्यांवरची पिन तिथे गळून पडली. रोमन लंडनच्या शेवटाबद्दल मी वाचलेल्या कोणत्याही प्रकरणापेक्षा ही पिन मला अधिक सांगते.

७. लेडनहॉल बाजारातून पुढे

ग्रेसचर्च स्ट्रीटने वर या. लेडनहॉल बाजार आणि आजूबाजूचा भाग रोमन चौक आणि बॅसिलिका यांच्यावर उभा आहे. बॅसिलिका म्हणजे न्यायदान, कारभार आणि व्यापार यांचे मोठे सभागृह. दुसऱ्या शतकातली इथली बॅसिलिका आल्प्सच्या उत्तरेकडची सर्वांत मोठी होती. बाजाराच्या कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयाच्या तळघरात तिच्या एका खांबाचा पाया जपून ठेवला आहे. ते चालू दुकान आहे. गिऱ्हाईक नसताना नम्रपणे विचारा, आणि नाही म्हटले तर आभार मानून पुढे जा. २०२५ च्या फेब्रुवारीत याच रस्त्यावर ८५ क्रमांकाच्या इमारतीखाली त्याहून जुन्या, पहिल्या शतकातल्या बॅसिलिकेच्या भिंती सापडल्याचे जाहीर झाले.

८. मिथ्रास मंदिर

इथे घाईघाईने पाहून बाहेर पडू नका. निवांत तास ठेवा.

१९५४ मध्ये, युद्धात उद्ध्वस्त झालेल्या जागेवर नवी इमारत उठण्यापूर्वी, पुरातत्त्वज्ञ डब्ल्यू. एफ. ग्राइम्स यांच्या खोदकामात हे मंदिर निघाले. खोदकाम संपता संपता, १८ सप्टेंबरला, मिथ्रासचे संगमरवरी मस्तक सापडले. मग ते पाहायला हजारो लोक रांगा लावून आले. इमारत मात्र बांधायचीच होती, म्हणून मंदिराचे दगड उचलून थोड्या अंतरावर उघड्यावर मांडले. ती मांडणी चुकीची होती. २०१७ मध्ये ते मूळ जागेच्या अगदी जवळ, रोमन पातळीवर, रस्त्याखाली सात मीटरवर पुन्हा उभे केले.

आधी तळमजल्यावरचे वस्तूंचे कपाट पाहा, मग खाली उतरा. ओलसर गाळात हवा पोहोचत नाही, म्हणून जिथे वॉलब्रुक नावाचा ओढा वाहत असे तिथे लाकूड, कातडे, टोपल्या टिकून राहिल्या. इथल्या खोदकामात ४०५ लेखनपट्ट्या मिळाल्या. लाकडी पट्टीवर मेण ओतून त्यावर टोकदार लेखणीने लिहीत. मेण गेले, पण लेखणीचे ओरखडे लाकडात उमटून राहिले. रॉजर टॉमलिन यांनी ते वाचले. एका पट्टीवर तारीख आहे: ८ जानेवारी, इ.स. ५७. टिबुलस नावाचा मुक्त झालेला गुलाम ग्राटस नावाच्या दुसऱ्याला १०५ दिनार देणे लागतो, अशी ती कबुली. मालाचे पैसे, लिहून दिलेले. बुडिकाने शहर जाळण्याच्या तीन-चार वर्षे आधी इथे उधारीवर धंदा चालत होता.

खाली अंधार करून प्रकाश आणि आवाजाने मंदिराचा भास उभा करतात. तो संपला आणि दिवे लागले की बहुतेक लोक निघतात. तुम्ही थांबा. आता दगड नीट दिसतात: दोन्ही बाजूंना सात-सात खांबांच्या जागा, कोपऱ्यातली विहीर, टोकाला अर्धवर्तुळाकार भाग. इथे सापडलेली मूळ शिल्पे लंडन म्युझियमची आहेत. त्याची लंडन वॉलवरची जुनी इमारत डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाली आणि संग्रहालय स्मिथफील्डला हलते आहे. ती पाहायची असतील तर तिथल्या तारखा तपासून घ्या.

९. गिल्डहॉल: पायाखालचा अखाडा

बंद होण्याच्या तासभर आधी पोहोचा. अंगणात फरशीवर गडद दगडाची मोठी वक्र रेघ दिसेल. तिच्यावरून चालत पूर्ण फेरी मारा. हा खाली गाडलेल्या अखाड्याचा परीघ आहे. शंभर वर्षे शोधूनही न सापडलेला हा अखाडा १९८८ मध्ये नव्या कलादालनासाठी खोदताना निघाला. इ.स. ७० च्या सुमारास तो लाकडी होता, दुसऱ्या शतकात दगडी झाला, आणि त्यात सहा-सात हजार माणसे बसत. तळघरात पूर्वेकडच्या प्रवेशद्वाराच्या भिंती आणि पाणी वाहून नेणारे लाकडी गटार आहे. झुंजी, शिक्षा, मृत्यू यांची ही जागा. लहान मुलांना किती सांगायचे ते तुम्ही ठरवा.

१०. शेवटी नोबल स्ट्रीट

आता पुन्हा उघड्यावर. २९ डिसेंबर १९४०च्या रात्री इथल्या इमारती जळाल्या, आणि मागे उरलेल्या तळघरांतून रोमन भिंती वर आल्या. रस्त्याच्या कठड्यावरून खाली पाहा. दोन भिंती एकमेकींना चिकटून शेजारी धावताना दिसतात. बाहेरची इ.स. १२० च्या सुमारास बांधलेल्या सैनिकी किल्ल्याची. ती शहराच्या तटासाठी पातळ पडत होती, म्हणून इ.स. २०० च्या सुमारास तिला आतून दुसरी जोडली. लंडनच्या तटाला वायव्येला ते चमत्कारिक कोन का आहेत, हे कोडे ग्राइम्सना इथेच सुटले: तटाने आधीचा किल्ला पोटात घेतला होता. सकाळी टॉवर हिलला डोळे तयार केले नसते तर हे सगळे खड्ड्यातले दगड वाटले असते.

पायात बळ असेल तर लंडन वॉलच्या भूमिगत पार्किंगमध्ये ५२-५३ क्रमांकांच्या जागांजवळ तटाचा आणखी एक तुकडा आहे. गाड्या जपून.

काही पथ्ये

भिंतींवर चढू नका, मुलांना चढवू नका. चुन्याचे कण हातानेही सुटतात. टेम्सच्या ओहोटीत किनाऱ्यावर जुन्या खापऱ्या दिसतात, पण परवान्याशिवाय तिथे शोधणे आणि उचलणे बेकायदा आहे.

दुसरा दिवस मिळाला तर ब्रिटिश म्युझियमचे ४९ क्रमांकाचे दालन पाहा. क्लासिकियानसच्या स्मारकाचे मूळ दगड तिथे आहेत. तिथेच हॉक्सनला १९९२ मध्ये सापडलेल्या खजिन्यातली चांदीची मिरपात्रे आहेत. त्यांत भरायची मिरी मलबारातून येत असे. त्याच समुद्रव्यापाराचे दुसरे टोक पाहायचे असेल, तर भारतात गेल्यावर कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात जा. ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली समुद्रदेव पोसायडनची ब्रॉन्झची मूर्ती तिथे आहे.

पूर्ण दिवस निघतच नसेल तर टॉवर हिल आणि मिथ्रास मंदिर, ही दोनच ठिकाणे याच क्रमाने करा. निघत असेल तर बिलिंग्जगेटचे आरक्षण आजच करून टाका. नोव्हेंबर संपला की ते दार एप्रिलपर्यंत बंद असते.